विहीर घराची, पाणी सर्वांचे
(पालघर-बोईसर-तारापूर परिसरातील घरगुती विहिरींचा ऐतिहासिक मागोवा)

घर बांधावयाचे ठरले की प्रथम पाण्याची सोय पाहावी, ही पूर्वजांची रीत होती. पालघर तालुक्याच्या किनारपट्टीवर तर आधी विहीर आणि मग तिच्या आश्रयाने घर, वाडी व देव्हारा, असाच क्रम असे. आज बोईसर वा पालघर येथे एखाद्या भूखंडावर बांधकाम सुरू व्हावयाचे झाले की पायाच्या आधी बोअर मारणारी गाडी येऊन उभी राहते. क्रम तोच राहिला. मात्र ज्या विहिरीत डोकावून पाणी पाहता येई, तिच्या जागी सहा इंच व्यासाचे, झाकणाने बंद केलेले छिद्र आले. या बदलाबरोबर पाण्याविषयीच्या मानवी वर्तनातही मोठे परिवर्तन घडले. त्या परिवर्तनाचा हा संक्षिप्त इतिहास आहे.

पुण्यकर्म म्हणून विहीर

या भूभागातील जलदानाची परंपरा सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यातील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा प्रसिद्ध शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या ठिकाणी त्याने विश्रामस्थाने उभारली आणि उद्याने, तलाव व विहिरी करविल्या, असे त्यात नमूद आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. याच लेखात ज्या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची व्यवस्था केली त्यांची नावे येतात. त्यांतील पारदा, दमणा व दाहानुका ही नावे अभ्यासक आजच्या पारडी, दमण व डहाणू यांच्याशी जोडतात. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी सभागृहे व प्रपा, म्हणजेच पाणपोया, उभारल्याचाही उल्लेख तेथे आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांतही पाण्याच्या टाक्यांचा, ‘पोढीं’चा, निर्देश वारंवार आढळतो. म्हणजे डहाणूपासून सोपाऱ्यापर्यंतच्या या पट्ट्यात पाण्याची सोय करणे हे राजे, व्यापारी व श्रावक-उपासक यांनी प्रारंभापासून पुण्यकर्म मानले होते. विहीर खोदणाऱ्याचे नाव विहिरीला लागे, परंतु पाणी येणाऱ्या-जाणाऱ्याचे असे.

किनाऱ्यावरील गोडे पाणी

पालघर तालुक्याच्या भूरचनेचे दोन ठळक भाग पडतात. पूर्वेकडे सह्याद्रीच्या उपरांगांचा काळा पाषाण, तर पश्चिमेकडे केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर असा समुद्रालगतचा वाळूचा व गाळाचा अरुंद पट्टा. या पट्ट्यात समुद्राच्या अगदी जवळ असूनही थोड्या खोलीवर गोडे पाणी लागते, याचे नवख्या माणसास नेहमीच आश्चर्य वाटते. दर पावसाळ्यात येथे सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्यावर तरंगून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी गायबेन व हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी या तरंगणाऱ्या पाण्याचे गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. याचा उलट अर्थ असा की ती पातळी एक फुटाने कायमची उतरली, तर खारे पाणी खालून चाळीस फूट वर सरकू शकते.

हे गणित ठाऊक नसतानाही किनाऱ्यावरील बागाइतदार त्याच्याशी सुसंगत वागत होते. वाडीतील विहीर उथळ व रुंद असे. तिच्यावर रहाट बसविलेला असे आणि तो रेड्याने वा बैलाने ओढला जाई. जनावर थकले की उपसा थांबे, आणि थांबलेल्या वेळेत विहीर पुन्हा भरून येई. केळवे-माहीमचे पानमळे, केळीच्या बागा व फुलझाडे याच संथ उपशावर पोसली गेली. दक्षिणेस वसई भागात वाडीवाडीतून ‘बावखले’ असत. पावसाचे पाणी धरून ठेवणारी व जमिनीत मुरविणारी ही खोदलेली लहान तळी म्हणजे विहिरींची साठवणच होती.

पूर्वेकडील पाषाणात विहीर खणणे कष्टाचे काम होते. माती, मग मुरूम, मग फुटका खडक आणि शेवटी अखंड काळा दगड, असे थर लागत. पाणी मुख्यतः मुरमात व खडकाच्या भेगांत साठलेले असे आणि साधारण वीस मीटरच्या खाली ते भेगा लागतील तेथेच मिळे. पहार, घमेले व सुरुंग यांच्या साह्याने खोदाई चाले. जाणता माणूस विहीर चैत्र-वैशाखातच खणून घेई. कारण भूजल सर्वांत खाली गेलेले असताना जेथे पाणी लागते, तेथे ते बारमाही टिकण्याचा भरवसा असतो. दिवाळीच्या सुमारास लागलेले पाणी फसवे असते, हा अनुभव आजच्या बोअरवेललाही तितकाच लागू आहे.

काठावरची शिस्त

घरच्या विहिरीचे पाणी केवळ घरापुरते क्वचितच राहत असे. उन्हाळ्यात ज्याची विहीर आटे तो शेजारच्या विहिरीवर जाई. विहिरीचा गाळ काढणे, कठडा नीट ठेवणे, काठावर कपडे न धुणे, सांडलेले पाणी केळीच्या बुंध्याशी वळविणे, हे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते. पाण्याची पातळी सर्वांना डोळ्यांनी दिसत असल्यामुळे ते पाळले जात. पोहऱ्याला दोर किती सोडावा लागतो, हेच त्या काळचे मोजमाप होते. वैशाखात दोर दोन हात अधिक लागला, की घरातील गृहिणी कोणी न सांगता पाणी बेताने वापरू लागे.

जैन कुटुंबांत या शिस्तीला धर्माचरणाची जोड होती. अप्कायाची विराधना टाळण्यासाठी पाणी गाळून घेण्याचा परिपाठ सर्वज्ञात आहे. त्याचा उत्तरार्ध मात्र आज अनेक तरुणांना ठाऊक नसतो. पाणी गाळल्यावर गळण्याच्या कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्यांना कोठे ‘जिवाणी’, कोठे ‘बिलछानी’, तर गुजराती घरांत ‘संखारो’ म्हणतात. कापडावर गाळलेले पाणी ओतून ते जीव ज्या जलाशयातून पाणी आणले त्याच जलाशयात परत सोडावयाचे असतात, दुसऱ्या विहिरीत नाही. त्यासाठी तळाशी कडी असलेली बादली वापरण्याची पद्धत होती. ती पाण्यापर्यंत हळूच उतरवून उलटविली जाई, म्हणजे वरून ओतल्याने जीवांना इजा होत नसे. पाणी घेणाऱ्याचे उगमाशी नाते घेऊन संपत नाही, परत देऊन ते पूर्ण होते, हा संस्कार त्या कृतीतून रोज घडे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांतही जमीन फोडण्याचे ‘स्फोटक कर्म’ आणि सरोवरे-तलाव आटविण्याचे ‘सर-द्रह-तलाव-शोषण कर्म’ यांची गणना केली आहे. विहीर खणणे हा आरंभ आहे, म्हणून तो गरजेपुरताच व जपून करावा, असा विवेक त्यामागे होता.

पाण्यावर मालकी कोणाची?

या लोकाचाराच्या शेजारी ब्रिटिश अमदानीत एक निराळा विचार येऊन बसला. इंग्लंडमध्ये एका कापड गिरणीमालकाची विहीर जवळच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. त्याने दावा लावला. १८४३ साली न्यायालयाने निर्णय दिला की स्वतःच्या जमिनीत खोदताना शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी गेले, तरी त्याबद्दल दाद मागता येत नाही. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात उतरले. आपल्या जमिनीखालील, निश्चित प्रवाहाने न वाहणारे सर्व पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकास आहे, असे त्यातील सातव्या कलमाच्या दृष्टान्तात म्हटले आहे. १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. त्या काळी उपशाचे साधन मोट व रहाट हेच असल्याने या हक्काचा फारसा उपद्रव जाणवला नाही. जनावराच्या थकव्यानेच त्याला मर्यादा घातली होती.

जुन्या विहिरींचे गुणगान करताना एक कटू सत्य दृष्टिआड करता येत नाही. काठावरची ती आपुलकी सर्वांच्या वाट्यास येत नव्हती. समाजाच्या मोठ्या भागास सार्वजनिक पाणवठ्यावरही पाय ठेवू दिला जात नसे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाद्वारे मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करावेत असे ठरविले. त्याच आधारावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. विरोधकांनी न्यायालयात मांडलेला एक प्रमुख मुद्दा, तळे खासगी मालकीचे आहे, हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो फेटाळला. पाणी ‘आपले’ म्हणण्यातून कोणाला तरी दूर ठेवण्याचा अर्थ निघू शकतो, ही या लढ्याची शिकवण पाण्याच्या प्रत्येक इतिहासात नोंदविली पाहिजे.

बोअरवेलचे आगमन

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने कठीण खडक भेदणारी हवेच्या दाबाची यंत्रे भारतात आणली. खडकात खोलवर हातोड्याप्रमाणे आघात करणारे हे तंत्र दख्खनच्या काळ्या पाषाणास विशेष उपयुक्त ठरले. त्याच सुमारास महाराष्ट्रातील जालना व सोलापूर येथे विंधन विहिरींसाठी टिकाऊ हातपंप घडविण्याचे प्रयोग झाले. सोलापूरच्या पंपापासून प्रेरणा घेऊन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क-२’ हा हातपंप सिद्ध झाला, जो पुढे जगभर गेला. १९७२ च्या दुष्काळाने राज्याला भूजलाचे मोल पटविले होते आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचे कार्यही त्याच काळात सुरू झाले. गावोगावच्या ‘हापश्यां’मुळे असंख्य स्त्रियांच्या डोक्यावरील हंड्यांची वाट कमी झाली, हे या तंत्राचे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

हातपंप माणसाच्या बळावर चाले, म्हणून त्याचाही उपसा मर्यादित होता. खरे परिवर्तन पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल विद्युत पंपाने केले. कळ दाबताच दोनशे फुटांवरून पाणी गच्चीवरील टाकीत चढू लागले. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे परिसरातील गाड्या देशभर फिरू लागल्या आणि महिनोन्‌महिने चालणारे खोदाईचे काम एका दिवसात उरकू लागले. पाणाड्या नारळ वा काठी घेऊन जागा दाखवी, गाडी लागे, धूळ उडे, पुढे चिखल व मग पाण्याचा फवारा येई, आणि घरात पेढे वाटले जात. दोर किती सोडला, हे पाहणारे मात्र आता कोणी उरले नाही.

कारखाने आणि वाढती वस्ती

याच काळात या परिसराचे रूपही पालटत होते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. १९७० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरजवळ आकारास आली. सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सालवड या गावांच्या परिसरात कारखाने व कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. गृहसंकुलांची संख्या झपाट्याने वाढली. सूर्या नदीवरील धामणी धरण व कवडास बंधारा यांचे पाणी उद्योगांना व शहरांना मिळू लागले. वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठीही त्याच सूर्येच्या पाण्याची योजना झाली. नळाचे पाणी जेथे अपुरे पडे, तेथे प्रत्येक संकुलाने आपापली बोअर घेतली आणि टंचाई वाढली की ती आणखी खोल नेली.

कारखानदारीने रोजगार दिला, व्यापार वाढविला, समाजाच्या अनेक कुटुंबांस येथे स्थिर केले. त्याची किंमतही मोजावी लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांत तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वाधिक प्रदूषित ठरले. हा निर्देशांक हवा, पाणी व जमीन या तिन्हींचा विचार करतो. नवापूर-मुरबे किनाऱ्यावर व खाड्यांत जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने उद्योगांवर पर्यावरणीय भरपाई बसविणारा आदेश दिला. ज्यांची उपजीविका पाण्यावर आहे, त्या मच्छीमारांनी हा लढा दिला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

घरगुती बोअरवेलशी याचा संबंध थेट आहे. बोअर घेताना वरच्या मातीत व मुरमात केसिंग पाईप बसविला जातो. त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने नीट बुजविली नाही, तर जमिनीवरील मैले पाणी पाईपाच्या कडेने थेट खोल पाण्यात उतरते. एका भूखंडावरील निष्काळजी बोअर अशा प्रकारे साऱ्या आळीचे पाणी बिघडवू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट आहे आणि अन्य स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालवून घेतले जातात. मात्र क्षारांची तपासणी म्हणजे रसायनांची तपासणी नव्हे. औद्योगिक परिसरात जड धातू व सेंद्रिय द्रव्ये यांची स्वतंत्र तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घेतल्याखेरीज बोअरचे पाणी पिण्यास वापरणे हितावह नाही. पाणी स्वच्छ दिसते, एवढा पुरावा पुरेसा नसतो.

कायद्याचे नवे वळण

१८८२ च्या तत्त्वाला महाराष्ट्राने टप्प्याटप्प्याने मर्यादा घातल्या. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा जून २०१४ पासून अंमलात आला. त्यात विहिरींची व खोदाई यंत्रांची नोंदणी सांगितली आहे. साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, ही खोल विहिरीची सीमा ठरवून शेती व उद्योगांसाठीच्या अशा विहिरींवर निर्बंध घातले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली उघड्या बोअरवेलमध्ये बालके पडण्याच्या घटनांची दखल घेऊन, निकामी बोअर तळापासून वरपर्यंत भरून बंद करावी, चालू बोअरला घट्ट झाकण असावे, असे निर्देश दिले. जीवदया मानणाऱ्या घराला हा नियम न्यायालयाने सांगावा लागू नये.

परत देण्याची रीत

दोन हजार वर्षांच्या या प्रवासाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. खासगी विहिरीत खड्डा खासगी असतो, पाणी कधीच खासगी नसते. भूखंडाचे कुंपण जमिनीच्या वर असते. खालचे पाणी ते ओळखत नाही. किनाऱ्यावरील एका घराने अतोनात उपसा केला, तर शेजारच्या वाडीतील विहीर खारी होते. बोईसरला एकाने बोअर तीनशे फुटांवर नेली, तर दीडशे फुटांवरची दुसऱ्याची कोरडी पडू शकते. पूर्वी हे उघड्या डोळ्यांना दिसे. आता ते झाकणाखाली गेल्यामुळे त्याची जाणीव मुद्दाम ठेवावी लागते.

उपायही जुन्याच रीतीत आहे. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १ लाख ८५ हजार लिटर पाणी जमा होते. वाया जाणारा भाग वगळता दीड लाख लिटर जमिनीत मुरविता येते. पाच माणसांच्या घरास माणशी रोज १३५ लिटर धरले, तर हे पाणी दोनशेहून अधिक दिवसांच्या गरजेएवढे होते. पन्हाळीचे पाणी पहिल्या पावसानंतर वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडणे, यास फार मोठा खर्च लागत नाही. कारखान्याच्या आवारातील वा मळक्या अंगणातील पाणी मात्र बोअरमध्ये कदापि सोडू नये. केवळ स्वच्छ छपराचेच सोडावे. अंगणातील जुनी विहीर बुजवून तेथे वाहन उभे करण्याऐवजी तिचा गाळ काढून ती पुनर्भरणासाठी राखणे हे अधिक शहाणपणाचे आहे.

तळाशी कडी असलेली ती बादली आता फारशी कोणाच्या घरी दिसत नाही. सहा इंचांच्या बोअरमध्ये ती उतरतही नाही. परंतु तिने शिकविलेले व्रत, ज्या उगमातून घेतले त्याच उगमात परत द्यावे, हे आजही पाळता येण्याजोगे आहे. प्रत्येक घराने येत्या पावसाळ्यात आपल्या छपराचे पाणी आपल्याच जमिनीला परत केले, तर पुढील पिढीच्या हाती गोड्या पाण्याचा वारसा सुरक्षित राहील, आणि विहिरीच्या काठावर वाढलेल्या पूर्वजांचे ऋण काही अंशी फिटेल.